दहावीचा विज्ञानाचा वर्ग व्हॉट्सॲपवर कसा चालवावा

व्हॉट्सॲप ग्रुप नाही अशी शाळा आता शोधावी लागेल. पण बहुतेक ग्रुपवर चालतं काय? उद्याच्या सुट्टीची सूचना, फीची आठवण, कुठल्यातरी क्लासच्या नोट्सची पीडीएफ आणि त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. निरोप पोचतो, अभ्यास होत नाही. मुलाकडून काहीतरी परत आलं, ते शिक्षकाने पाहिलं, चूक दाखवली आणि मुलाने ती दुरुस्त केली, एवढं पूर्ण झालं तरच त्या ग्रुपला वर्ग म्हणता येईल. खालची सगळी मांडणी एवढ्याचसाठी आहे. उदाहरणं राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 मधल्या 'भिंगे व त्यांचे उपयोग' या पाठातली घेतली आहेत. गणिताला, भूगोलालाही हीच पद्धत चालते.

आधी कागदावर पाहणी

ग्रुप काढण्याआधी एक कागद वाटा आणि घरून भरून आणायला सांगा. त्यात पाच प्रश्न: फोन कुणाचा, तो किती ते किती घरी असतो, रोजचा डेटा किती, घरात रेंज येते की बाहेर यावं लागतं, आणि त्याच फोनवर आणखी किती भावंडं अभ्यास करतात. शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि घोळ तिथेच होतो. वडील रात्री आठला कामावरून येतात, दिवसाच्या दीड जीबीतला बराचसा डेटा तोवर संपलेला असतो, धाकट्या बहिणीचा गृहपाठही त्याच फोनवर असतो. अशा मुलाला संध्याकाळी पाचला 'आज सातपर्यंत पाठवा' असं सांगितलं तर तो पहिल्याच दिवशी बाहेर पडतो.

कागद परत आले की हजेरीपटावर तीन खुणा करा: स्वतःच्या हाताशी फोन, फक्त रात्री फोन, फोन नाही. वेळापत्रक दुसऱ्या गटाकडे बघून ठरवायचं. काम संध्याकाळी सातनंतर टाकायचं आणि मुदत त्याच रात्रीची नव्हे, तर मधे एक पूर्ण रात्र जाईल अशी द्यायची. तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाला जवळ राहणारा एक जोडीदार ठरवून द्या आणि ग्रुपवर टाकलेलं प्रत्येक काम दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. एक नियम मात्र कडक पाळा: फोन असल्याशिवाय मिळणार नाही असा एकही गुण ठेवायचा नाही.

परवानगी आणि मुलींचे नंबर

हा भाग घाईत उरकला जातो आणि नंतरच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती हा त्यातला मूळ नियम आहे. शाळांसाठीचे बारकावे मुख्याध्यापकांनी पाहावेत. शिक्षकाने आपल्यापुरतं एवढं करावं: पालकांकडून सहीचं पत्र घ्यावं. पत्रात पाच गोष्टी हव्यात: ग्रुप कशासाठी आहे, त्यावर काय टाकलं जाईल, नंबर कुणाकुणाला दिसेल, किती ते किती वाजेपर्यंत तो चालू असेल आणि तक्रार कुणाकडे करायची. पत्र पालकसभेत वाचून दाखवलं तर सर्वांत उत्तम, कारण घरी पाठवलेल्या कागदावर न वाचताच सही होते.

साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वर्गातल्या मुलीचा नंबर पन्नास घरांत जातो आणि तिथून कुठे जाईल याची खात्री कुणालाच देता येत नाही. पालक याच भीतीने मुलींना ग्रुपमध्ये येऊ देत नाहीत, आणि त्यांची भीती खरी आहे. उपाय असा: साधा ग्रुप न काढता 'कम्युनिटी' काढा. कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मुख्य वर्ग तिथे चालवायचा. चर्चेचे छोटे ग्रुप वेगळे काढायचे, तेही पालकांची वेगळी परवानगी घेऊन.

नंबर शक्यतो पालकांचाच घ्या. व्हॉट्सॲपची वयाची अट किमान 13 आहे, त्यामुळे पाचवी-सहावीच्या वर्गाला तर दुसरा पर्यायच नाही.

छोट्या ग्रुपच्या परमिशन्समध्ये जाऊन तीन गोष्टी बदला: ग्रुपचं नाव आणि फोटो बदलण्याचा हक्क फक्त ॲडमिनला, नवीन सदस्य घेण्याचा हक्क फक्त ॲडमिनला, आणि आत येणाऱ्याला मंजुरी आवश्यक. ॲडमिन नेहमी दोन शिक्षक असावेत, शक्य असेल तर त्यात एक शिक्षिका. ग्रुपची लिंक स्टेटसला लावू नका. चुकून पसरलीच तर 'रीसेट लिंक' केल्यावर जुनी लिंक निकामी होते.

गृहपाठ घेण्यासाठी शिक्षकाचा स्वतःचा नंबर वापरू नये. शाळेच्या नावाचं वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे आणि त्यात लेबलं लावता येतात. तो नंबर दुसऱ्या शिक्षकाच्या फोनलाही 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडून ठेवा. विद्यार्थ्याशी झालेलं प्रत्येक बोलणं दोन शिक्षकांना दिसतं, ही मुलांचीही सुरक्षा आणि शिक्षकांचीही.

आठवड्याला तीनच पोस्ट

रोज काहीतरी टाकायचा मोह होतो. टाळा. आठवड्याला तीन पोस्ट पुरतात: सोमवारी काम, बुधवारी चाचणी, शनिवारी चुकांचं टिपण. वार पक्के ठेवले की मुलं आपोआप उघडून बघतात, आणि पालकांना मुलाच्या हातात फोन कधी द्यायचा ते कळतं.

सोमवारची पोस्ट अशी दिसावी:

भिंगे 2 : चिन्ह संकेत
पाहा : व्हिडिओ, 2 मि. 10 से. ते 5 मि. 40 से.
वहीत काढा : बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती, वस्तू F₁ आणि 2F₁ यांच्या मध्ये. पेन्सिल आणि मोजपट्टी.
सोडवा : नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू भिंगापासून 15 सेमी. प्रतिमा कुठे मिळेल?
पाठवा : वहीच्या पानाचा एकच फोटो, पानावर हजेरी क्रमांक
मुदत : मंगळवार रात्री 9

(F₁ म्हणजे भिंगाची वस्तूकडची नाभी, 2F₁ म्हणजे तिच्या दुप्पट अंतरावरचा बिंदू; F₂ आणि 2F₂ हे तसेच पलीकडच्या बाजूचे.) यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. 'भिंगे 2' हा क्रमांक असला की परीक्षेच्या आधी मूल ग्रुपमध्ये 'भिंगे' शोधतं आणि सगळ्या पोस्ट ओळीने मिळतात. व्हिडिओची सुरुवात आणि शेवट दिला नाही तर वीस मिनिटांचा व्हिडिओ कुणी पूर्ण पाहत नाही, आणि पाहिलाच तर डेटा संपतो. 'एकच फोटो' असं लिहिलं नाही तर एकेका मुलाकडून सहा फोटो येतात, त्यातले चार तिरके. ठळक करायचा शब्द दोन फुल्यांच्या मध्ये लिहा. पोस्ट सात दिवसांसाठी पिन करून ठेवा.

व्हिडिओ: शोधायचा की बनवायचा

पहिल्यांदा पाठ्यपुस्तकच उघडा. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले आहेत, ते दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरच्या साहित्याकडे नेतात. तिथे मिळालं तर शब्द पुस्तकातलेच मिळतात आणि हा फायदा मोठा आहे. यूट्यूबवरच्या अनेक चांगल्या व्हिडिओंत इंग्रजी माध्यमाच्या संज्ञा येतात. मूल 'फोकल लेंग्थ' ऐकतं आणि पेपरात 'नाभीय अंतर' वाचल्यावर गोंधळतं. असा व्हिडिओ द्यायचाच असेल तर पोस्टमध्ये तीन-चार संज्ञांची जोडी लिहून द्या.

स्वतः बनवायचा असेल तर चेहरा दाखवायची गरज नाही. टेबलावर कोरा कागद ठेवा, फोन पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडव्या ठेवलेल्या पट्टीवर सपाट टेकवा, कॅमेरा खाली. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने खिडकी डावीकडे घ्यावी, नाहीतर हाताची सावली लिहिलेल्यावर पडते. बॉलपेन नको, काळं स्केचपेन घ्या. पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आवाजासाठी साधा वायरचा इअरफोन जोडा. चार ते सहा मिनिटांत एकच कल्पना सांगा. किरणाकृती काढताना बोलणं थांबवू नका: पहिला किरण मुख्य अक्षाला समांतर का घेतला, दुसरा प्रकाशीय मध्यातून का नेला, हे हात चालत असतानाच सांगितलं पाहिजे. तयार आकृतीवर बोट फिरवणाऱ्या व्हिडिओतून मुलांना आकृती काढता येत नाही.

व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवा. लिंक असलेल्यालाच तो दिसतो. तोच व्हिडिओ थेट व्हॉट्सॲपवर टाकला तर दाबला जाऊन अक्षरं फुटतात, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर पालकांच्या फोनची जागा भरते. जागा भरली की सगळ्यात आधी शाळेचा ग्रुप साफ होतो. त्याच कारणाने, मीडिया आपोआप डाउनलोड होणं कसं बंद करायचं ते पालकसभेत फोन हातात घेऊन दाखवा.

क्लासच्या नोट्स किंवा अख्खं गाईड स्कॅन करून पाठवू नका. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सवलत आहे, पण विकत मिळणारं पुस्तकच्या पुस्तक वाटणं त्यात बसेल असं धरून चालू नये. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ हवी असेल तर ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

बुधवारची चाचणी

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण मुलाला नेमकं काय कळलेलं नाही ते इथेच उघड होतं.

व्हॉट्सॲपचा पोल सोपा आहे म्हणून सगळे तोच वापरतात. अडचण अशी की मत देण्याआधीच इतरांची मतं दिसतात. वर्गातल्या हुशार मुलाने 'ब' दाबलं की पुढची वीस मतं 'ब'लाच पडतात आणि शिक्षकाला वाटतं, पाठ सगळ्यांना समजला. पोल आवडनिवड विचारायला ठीक आहे: शनिवारी कोणत्या घटकाची उजळणी घेऊ, असल्या प्रश्नांना. चाचणीसाठी गुगल फॉर्म घ्या. सेटिंगमध्ये 'क्विझ' चालू करा, पहिला प्रश्न हजेरी क्रमांकाचा ठेवा, 'एकाला एकच उत्तर' ही अट बंद ठेवा. ती चालू असली तर गुगल खात्याने लॉगिन करावं लागतं आणि एका फोनवरची दोन भावंडं अडकतात. उत्तरं थेट तक्त्यात येतात.

प्रश्न पाचच, पण पर्याय विचारपूर्वक. वरचंच गणित घ्या. भिंगाचं सूत्र 1/v − 1/u = 1/f (u वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं अंतर, f नाभीय अंतर). कार्टेशिअन चिन्ह संकेतानुसार (वस्तूकडची अंतरं ऋण, पलीकडची धन; बहिर्वक्र भिंगाचं f धन) u = −15 सेमी, f = +10 सेमी. म्हणून 1/v = 1/10 − 1/15 = 1/30, आणि v = +30 सेमी. आता पर्याय द्या: 30, 6, −6, 1/30.

ज्याने 6 निवडलं त्याने u चं ऋण चिन्ह विसरून 1/10 + 1/15 केलं. ज्याने −6 निवडलं त्याने u बरोबर घेतला, पण f ऋण धरला, म्हणजे तो बहिर्वक्र आणि अंतर्वक्र भिंगात गोंधळतो. ज्याने 1/30 निवडलं त्याचं विज्ञान बरोबर आहे, शेवटी व्यस्त करायचं राहिलं. तीन चुका, तीन वेगळी औषधं. पर्यायांत 30, 40, 50, 60 असे नुसते आकडे दिले असते तर 'अमुक इतके जण चुकले' यापलीकडे काहीच कळलं नसतं. फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरासाठी अभिप्राय लिहिता येतो. तिथे उत्तर देऊ नका, 'वस्तू भिंगाच्या कोणत्या बाजूला आहे? तिकडची अंतरं धन की ऋण?' असा प्रश्नच विचारा.

टेलिग्रामवर क्विझ-पोल चांगला आहे. मत दिल्यावरच निकाल दिसतो आणि खाली स्पष्टीकरणही देता येतं. तरी दहावीच्या वर्गाला तिकडे नेऊ नये. परीक्षेच्या काळात पेपर विकण्याच्या नावाखाली लुबाडणारे चॅनेल तिथे सुळसुळतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ठीक. इन्स्टाग्रामचा तर या कामाला उपयोगच नाही: तिथे वहीतलं पान परत घेऊन तपासणं सोयीचं नाही आणि एक रील संपायच्या आत दुसरी सुरू होते.

वह्या तपासणं: सगळ्यांच्या नव्हे, पाळीपाळीने

गृहपाठाचे फोटो ग्रुपवर मागवू नका. पहिला फोटो पडला की बाकीचे तोच उतरवून काढतात, आणि ज्याचं अक्षर किंवा आकृती वाईट आहे तो पाठवतच नाही. फोटो शाळेच्या नंबरवर, पालकांच्या फोनवरून यावेत. आला की 'आलं' हे लेबल लावा, तपासल्यावर 'तपासलं', परत करायला सांगितलं तर 'दुरुस्ती'.

पन्नास फोटो नीट तपासायचे तर प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं लागतात. दर आठवड्याला हे होत नाही. तिसऱ्या आठवड्यात शिक्षक नुसता अंगठा दाखवू लागतो आणि ते मुलांच्या लगेच लक्षात येतं. म्हणून आधीच ठरवून दर आठवड्याला दहाच वह्या कसून तपासा, पाच आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. कुणाची पाळी कधी ते मुलांना सांगू नका. बाकीच्यांचं फक्त आलं की नाही ते पाहा.

पाच गुणांची ठरलेली मोजणी ठेवा: आकृतीला 2 (बाण आणि नावं नसतील तर 1), सूत्राला 1, चिन्हांसह किमती मांडायला 1, एककासह उत्तराला 1. एकक विसरणं ही मंडळाच्या पेपरातही गुण घालवणारी चूक आहे, तिची सवय इथेच मोडता येते. शेरा लिहिण्याऐवजी वीस-तीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा. लिहिण्यापेक्षा लवकर होतो आणि मूल तो दोनदा ऐकतं. 'छान' एवढ्यावर थांबू नका. 'तुझी किरणाकृती बरोबर आहे, पण तिच्यात प्रतिमा 2F₂ च्या पलीकडे आली आणि गणितात 6 सेमी. दोन्ही खरं कसं असेल? परत बघ' असं सांगितलं तर मूल स्वतःच चुकीपर्यंत पोचतं.

शनिवारचं टिपण म्हणजे आठवड्यातल्या तीन सर्रास चुका, नावं न घेता. गुण, नावं किंवा कुणाच्या वहीचा फोटो सूचना-ग्रुपवर कधीच टाकायचा नाही, कौतुकासाठीसुद्धा नाही. ज्यांची नावं कधीच येत नाहीत त्यांची यादीही त्यातून तयार होत असते.

छोट्या गटांची चर्चा

पाच-सहा जणांचा गट, दोन शिक्षक ॲडमिन, आठवड्यात एकच दिवस रात्री साडेसात ते साडेआठ खुला. बाकी वेळ फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं ठेवा. 'काही शंका असतील तर विचारा' या वाक्याला उत्तर येत नाही. त्याऐवजी चूक असलेलं उदाहरण टाका:

एका बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 20 सेमी आहे. शक्ती P = 1/20 = 0.05 D. यात काय चुकलं?

नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायला हवं, 1/0.2 = 5 D (D म्हणजे डायॉप्टर, भिंगाच्या शक्तीचं एकक), हे कुणीतरी लिहितं. मग पुढचा प्रश्न टाका: मग चष्म्याच्या दुकानात 0.05 नंबरचं भिंग का मिळत नाही? एवढ्यावर चर्चा तासभर चालते. मराठी टाइप करणं मुलांना जड जातं, म्हणून आवाजी निरोप चालू द्या, रोमन लिपीतलं मराठीही चालू द्या. व्याख्या आणि नियम मात्र वहीत देवनागरीतच लिहून घ्या, पेपर हातानेच लिहायचा आहे.

बिघडतं ते कुठे

सगळ्यांनी पाहिलं पण मोजक्यांनीच पाठवलं, असं झालं तर काम लांब आहे, मुलं आळशी नाहीत. पंचवीस मिनिटांत होईल इतकंच काम ठेवा. पाठवणारे भरपूर, पण सगळी उत्तरं शब्दन् शब्द सारखी असली तर ती कुठून तरी उतरवलेली किंवा एआयकडून आलेली आहेत. त्यावर रागावून उपयोग नाही, प्रश्न बदला. 'प्रकाशाच्या अपवर्तनाचे नियम लिहा' ऐवजी 'घरातल्या काचेच्या पेल्यात पाणी आणि पेन्सिल ठेवा, बाजूने आणि वरून पाहून दोन आकृत्या काढा' असं विचारा.

रात्री नऊनंतर शिक्षकानेही ग्रुपवर लिहू नये. शिक्षक अकराला उत्तर देतो हे कळलं की मुलं अकरापर्यंत जागतात.

'पेपर पुढे ढकलला', 'पेपर फुटला' असे निरोप फेब्रुवारी-मार्चमध्ये हमखास येतात. परीक्षेची तारीख फक्त मंडळाच्या संकेतस्थळावरची आणि शाळेच्या सूचनेतली खरी, हे जानेवारीतच पिन करून ठेवा. कुणी पैसे भरून फसलं असेल तर लगेच 1930 वर फोन करायला सांगा. मुलाला कुणी त्रास दिला, फोटो पसरवले, तर पहिल्यांदा स्क्रीनशॉट घ्या आणि मगच संदेश काढा. आधी काढला तर पुरावा जातो. त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि दोन्हीकडचे पालक यांना कळवा. गरज पडली तर चाइल्डलाइनचा 1098 आहे.

उपयोग होतोय का, ते कसं पाहायचं

इमोजी मोजू नका. तीन आकडे वहीत लिहा: किती जणांनी वेळेत पाठवलं, 'दुरुस्ती' लावलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा करून पाठवलं, आणि दोन आठवड्यांनी वर्गात फोनशिवाय तेच गणित, आकडे बदलून, किती जणांना आलं. u = −30, f = +20 द्या; उत्तर +60 सेमी. चिन्ह विसरणाऱ्याला 12 येईल, f ऋण धरणाऱ्याला −12. बुधवारच्या चाचणीत 6 निवडलेल्या मुलांची नावं आणि आता 12 आलेल्यांची नावं शेजारी शेजारी ठेवा. तीच मुलं दिसली तर व्हिडिओ बदलून उपयोग नाही, त्या चार-पाच जणांना मधल्या सुट्टीत फळ्याजवळ बोलवा. दुसरा आकडा सतत शून्याच्या जवळ असला तर अभिप्राय उशिरा जातोय. तीन दिवसांच्या आत गेला नाही, तर मुलाच्या डोक्यात पुढचा पाठ सुरू झालेला असतो.

ग्रुपवरचा मजकूर म्हणजे नोंद नव्हे. फॉर्मचा तक्ता आणि गुणांची वही महिन्याला एकदा शाळेच्या संगणकावर उतरवा. वार्षिक परीक्षा संपली की शाळेच्या फोनवरचे मुलांचे फोटो पुसा, छोटे ग्रुप मोडा, कम्युनिटी बंद करा. जूनमध्ये नव्या वर्गासाठी नवी काढा, जुन्यात नवे नंबर घालू नका.